पहिल्या दिवसाची फिल्म



कविता लिहिणाऱ्या माणसानं कारखान्यातल्या फिल्मवर बोलावं, याचं आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. पण कवितेवर पोट भरत नाही. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो आणि कोल्हापूर भागातल्या एका फौंड्रीत टाइम ऑफिसात चिकटलो. हजेरी, ओव्हरटाइम, रजेचे अर्ज हे दिवसाचं काम आणि कविता रात्रीची. कारखान्यात कवी म्हणून थोडी ओळख होती. खंडेनवमीची पूजा असो की कुणाचा निरोप समारंभ, दोन ओळी माझ्याकडून लिहून घेत.

२००६ साली मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "नवीन भरती होणाऱ्या माणसांना पहिल्या दिवशी दाखवायला एक फिल्म करायचीय. इंडक्शन फिल्म. मजकूर तुम्ही लिहा. तुमचं मराठी फार शुद्ध आहे."

शेवटच्या वाक्यानं मी हुरळून गेलो. माझं नाव ऐकल्यावर "अरे वा, तुम्ही मराठी किती छान बोलता!" असं म्हणणारी माणसं मला जन्मभर भेटत आली आहेत. आमच्या कित्येक पिढ्या याच मातीत गेल्या, मग मी दुसरं काय बोलणार? त्या कौतुकाचा त्रास होतो. आणि खोटं कशाला बोलू, हळूहळू त्याची सवयही लागते. आपल्या मराठीवर कुणी बोट ठेवू नये म्हणून मी शब्द धुऊनपुसून वापरायचो. फिल्मचा मजकूरही तसाच लिहिला.

फिल्म ३२ मिनिटांची झाली. सुरुवातीला उगवता सूर्य आणि सनई. मग संस्थापकांचा फोटो, त्याला हार, कारखान्याचा इतिहास, मिळालेली प्रमाणपत्रं, मालकांचं भाषण, परदेशी पाहुण्यांच्या भेटी. नियम आणि सुरक्षितता आली २५व्या मिनिटानंतर. तिथं माझं एक वाक्य होतं : "आर्द्र धातू-अवशेष भट्टीत टाकणे पूर्णतः निषिद्ध आहे." लिहिताना मला ते वाक्य भारदस्त वाटलं होतं.

सीडी तयार झाली. कॅंटीनमधल्या टीव्हीवर ती लावायची, संपली की रजिस्टर पुढं करायचं आणि "फिल्म पाहिली, सर्व सूचना समजल्या" या ओळीसमोर सही किंवा अंगठा घ्यायचा, हे काम माझ्याकडेच होतं.

पुढच्या पावसाळ्यात बिहारहून एक पोरगा कामाला लागला. वय असेल विशीच्या आतबाहेर. फिल्म बघून त्यानं सही केली. दुसऱ्या दिवशी त्याला भट्टीवर भंगार टाकायला उभं केलं. शेडबाहेर पावसात पडलेल्या ढिगातला नळीचा एक पोकळ तुकडा त्यानं उचलला. बाहेरून तो पुसल्यासारखा दिसत होता. आत पाणी होतं.

बिडाचा रस साधारण १,४०० अंश सेल्सिअसला असतो. त्यात पाणी गेलं की क्षणात वाफ होते, आणि पाण्याची वाफ होताना तिला सुमारे १,७०० पट जागा लागते. रसाखाली अडकलेली ती वाफ वर येताना रस उडवूनच येते. पोरगा वाचला. पण मान आणि उजवा हात भाजला. त्या हाताची दोन बोटं पुढं कधीच पुरती मिटली नाहीत.

मी दवाखान्यात भेटायला गेलो. जरा वेळानं विचारलं, "फिल्म देखी थी ना?" म्हणाला, "देखी थी साहब. म्यूजिक अच्छा था." मी माझं वाक्य त्याला म्हणून दाखवलं. त्यानं विचारलं, "आर्द्र क्या होता है?" मी म्हटलं, "गीला." पोरगा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तो गीला बोलते न साहब."

श्रोतेहो, हा शब्द माझ्या घरात होता. आम्ही घरी दखनी बोलतो. दोरीवरच्या कपड्यांना हात लावून माझी अम्मा म्हणायची, "अब्बी गिल्लेच हैं." त्यातला 'च' मराठीनं दिलेला आहे. तोच शब्द मी फिल्मच्या बाहेर ठेवला होता, कारण मला माझं मराठी शुद्ध आहे हे दाखवायचं होतं. हिंदी बोलणाऱ्याचं सोडा; नंतर मी आमच्याच भागातल्या चार पोरांना 'आर्द्र' म्हणजे काय, असं विचारलं. तिघं गप्प राहिले. एक म्हणाला, "नक्षत्र. मृगानंतर येतं ते." शेतकऱ्याचं पोर ते, त्याचं काय चुकलं?

चौकशी झाली तेव्हा टेबलावर पहिला कागद आला तो मी घेतलेल्या सहीचा. फिल्म दाखवली होती, सूचना समजल्याची सही आहे, तेव्हा चूक कामगाराची. दोन दिवस मी गप्प बसलो. नोकरीची भीती होती. तिसऱ्या दिवशी लेखी दिलं की, त्या फिल्ममधला शब्द माझा आहे, तो याला कळणं शक्य नव्हतं, आणि मी सही घेतली तेव्हा काय समजलं हे विचारलं नव्हतं. भरपाईचं जे व्हायचं ते पुढं झालं, तो आजचा विषय नाही. आजचा विषय एवढाच, की पहिल्या दिवसाची फिल्म माणसासाठी करायची की फायलीसाठी, हे कॅमेरा हातात घेण्याआधी ठरवावं लागतं.

मला दुसऱ्यांदा फिल्म लिहायची संधी मिळाली. त्यानंतर इतरही काही ठिकाणी असं काम केलं. त्यातून जे कळलं ते सांगतो. आपण कारखाना चालवत असाल, दवाखाना, दूध डेअरी किंवा दहा माणसांचं दुकान, तरी त्याचा उपयोग होईल.

पहिली गोष्ट. "आपल्याला काय सांगायचंय" इथून सुरुवात करू नये. "त्याला आज काय लागणार आहे" इथून करावी. दुसऱ्या फिल्मच्या वेळी मी गेल्या सहा महिन्यांत लागलेल्या पंधराएक जणांना गाठलं आणि तीनच प्रश्न विचारले. पहिल्या दिवशी काय माहीत नव्हतं? काय विचारायची लाज वाटली? भीती कशाची वाटली? उत्तरं ऐकून मी चाट पडलो. संडास कुठं आहे, हे अर्ध्या लोकांना दुपारपर्यंत कळलं नव्हतं. पिण्याच्या पाण्याचा नळ कुठला आणि यंत्र गार करायच्या पाण्याचा कुठला, हे एकाला पाणी पिऊन झाल्यावर कळलं. भोंगा सलग वाजला तर काय करायचं, पगार कुठल्या तारखेला, मुकादम रागावला तर बोलायचं कुणाशी, हे सगळे प्रश्न होते. आणि एक गंमत ऐका. आमच्या फौंड्रीत इंडक्शन म्हणजे विजेची भट्टी. "उद्या तुझं इंडक्शन आहे" असं सांगितल्यावर एका पोराला रात्रभर झोप लागली नव्हती. तेव्हापासून मी 'पहिल्या दिवसाची फिल्म' असंच म्हणतो.

संस्थापकांचा फोटो काढायचा म्हटल्यावर मालक नाराज झाले. मी म्हटलं, "साहेब, नवी सून माप ओलांडून घरात आली, की पहिल्या सकाळी तिला आपण कुळाचा इतिहास सांगत नाही. मीठ कुठल्या डब्यात आहे आणि गॅस कुठून बंद होतो, हे दाखवतो. इतिहास तिला सणावाराला कळतच जातो." मालक हसले. त्यांचं भाषण अर्ध्या मिनिटावर आलं. इतिहासाची फिल्म वेगळी झाली आणि ती महिन्यानंतर दाखवायची ठरली.

दुसरी गोष्ट. फिल्म काय करू शकते आणि काय नाही, हे ओळखून असावं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम होता. १९४० ते १९४५ अशी पाच वर्षं तो चालला. जाणते कामगार सैन्यात गेलेले आणि कारखाना कधी न पाहिलेली माणसं, त्यात असंख्य स्त्रियाही, यंत्रांवर आलेल्या. त्यांना झटपट शिकवायला चार पायऱ्या ठरवल्या होत्या. चार्ल्स ॲलन यांनी १९१९ मधल्या पुस्तकात मांडलेल्या विचारावर त्या बेतलेल्या होत्या, आणि युद्धानंतर ही पद्धत जपानी कारखान्यांतही रुजली. पहिली पायरी, माणसाला मोकळं करा आणि त्याला आधीच काय येतं ते विचारा. दुसरी, काम एकेक टप्प्यानं दाखवा आणि सांगा. तिसरी, त्याला करायला लावा, करता करता त्यालाच बोलायला लावा. चौथी, त्याला कामावर सोडा, पण अडलं तर कुणाकडे जायचं ते सांगून ठेवा आणि अधूनमधून बघत राहा.

या चारपैकी फिल्म फक्त दुसरी पायरी चढू शकते. उरलेल्या तीन पायऱ्यांना माणूसच लागतो. फिल्म लावून टाइम ऑफिसचा क्लार्क चहाला गेला, तर नवा माणूस एकाच पायरीवर उभा राहतो. मी तसा चहाला गेलेलो आहे.

तिसरी गोष्ट लांबीची. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करून तो किती विसरतो, हे तो मोजत बसे. विसरण्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच उरकतो, असं त्याला दिसलं. ज्याला शब्दच कळत नाहीत, त्याच्या दृष्टीनं आमची ३२ मिनिटं निरर्थक अक्षरांसारखीच होती. म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही एका फिल्मच्या पाच केल्या. प्रत्येक तीन-चार मिनिटांची. एक फिल्म, एक काम. गेटपासून कामाच्या जागेपर्यंत कसं जायचं. बूट, चष्मा, हातमोजे कसे घालायचे. भंगार कसं तपासायचं. भोंगा वाजला तर कुठं पळायचं. अडचण कुणाला सांगायची. एक फिल्म झाली की टीव्ही बंद. उठायचं, त्या जागी जायचं, हातानं करून बघायचं. मग दुसरी.

चौथी गोष्ट लिहिण्याची. कागदाच्या मधोमध रेघ मारावी. डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार. लिहून झालं की उजवी बाजू हातानं झाकावी आणि नुसत्या डाव्या बाजूवरून काम कळतं का, ते बघावं. कळत नसेल तर उजवीकडे कालिदास बसवला तरी उपयोग नाही. भंगाराच्या फिल्ममध्ये डावीकडे आम्ही लिहिलं : नळीचा तुकडा तिरका केला, आतून पाण्याची धार पडली, तुकडा बाजूच्या ढिगात ठेवला. बस्स. त्यासोबत मराठीत एकच वाक्य, "ओलं भंगार भट्टीत टाकायचं नाही, आधी तिरकं करून बघा." हिंदीत 'गीला'. आणि ओडिशाची बरीच मुलं होती म्हणून ओडियात एक. बोलणारी माणसं कारखान्यातलीच. त्यांना भट्टी भट्टीच म्हणू दिली, लॅडल लॅडलच. कामावर जो शब्द चालतो तोच फिल्ममध्ये, मग तो कुठल्या का भाषेतून आलेला असेना. बोलण्याचा वेग मिनिटाला शंभर शब्दांच्या आत ठेवला आणि सनई काढून टाकली. त्या जागी भोंग्याचा खरा आवाज घातला, कारण तो त्याला ओळखता आला पाहिजे.

कॅमेरा कुठं लावायचा, हेही ठरवून घ्यावं. समोरून चित्रण केलं की डावं-उजवं उलटं दिसतं. काम करणाऱ्याच्या खांद्यामागून केलं की बघणाऱ्याला आपलेच हात दिसल्यासारखे वाटतात. चुकीची पद्धत जास्त वेळ दाखवू नये. माणूस ऐकतो त्यापेक्षा पाहतो ते उचलतो. फुली मारायला आपण विसरलो तर तेच लक्षात राहतं.

पाचवी गोष्ट. जे बदलतं ते फिल्ममध्ये घालू नये. फोन नंबर, अधिकाऱ्यांची नावं, बसच्या वेळा, लैंगिक छळाबाबतच्या २०१३ च्या कायद्याखाली नेमलेल्या तक्रार समितीच्या सदस्यांची नावं, हे सगळं फलकावर लिहावं. फिल्ममध्ये तो फलक कुठं आहे, ते दाखवावं. आमच्या पहिल्या फिल्ममध्ये प्रथमोपचाराची खोली जिथं दाखवली होती, तिथं वर्षभरात स्टोअर आलं. म्हणजे जखमी माणसाला फिल्मनं खिळ्यांच्या पेट्यांकडे पाठवलं असतं. आता तर प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. तीन मिनिटांचा तुकडा पुन्हा चित्रित करायला अर्धा दिवस पुरतो. यंत्र बदललं, जागा बदलली की तो तुकडा बदलावा आणि त्यावर तारीख टाकावी.

सहावी गोष्ट मला त्या पोरानंच शिकवली. बरा होऊन तो परत कामावर आला होता. कुणीतरी सुचवलं की त्याचा भाजलेला हात फिल्ममध्ये दाखवू, बघणाऱ्यांना धडकी भरेल. मी त्याला विचारायला गेलो. तो म्हणाला, "हाथ मत दिखाइए साहब. गाँव में माँ देख लेगी." त्यानं घरी सांगितलंच नव्हतं. आपण माणसाला फिल्ममध्ये घेतो, तो नोकरी सोडून जातो, त्याचा चेहरा वर्षानुवर्षं परक्या माणसांना दिसत राहतो. त्याला विचारलेलं असावं, आणि नाही म्हणाला तर ते नाही समजावं. मग तोच म्हणाला, "आवाज ले लीजिए." भंगाराच्या फिल्ममधला हिंदी आवाज त्याचा आहे.

ती फिल्म पक्की करण्याआधी आम्ही गेटवर नुकत्याच आलेल्या तिघांना दाखवली. "कळलं का?" असं विचारलं नाही. या प्रश्नाला नवा माणूस "हो"च म्हणतो. त्यांना ढिगापाशी नेलं आणि म्हटलं, "भट्टीत टाकायला दे." तिघांतल्या दोघांनी तुकडा तिरका केला. एकानं नाही. मग तो तुकडा पुन्हा चित्रित केला, पाण्याची धार जवळून घेतली. खर्च झाला तो एका सकाळचा.

सहीचं रजिस्टर राहिलं, पण त्यातली ओळ बदलली. "सूचना समजल्या" याऐवजी "नवीन माणसानं माझ्यासमोर काम करून दाखवलं" अशी ओळ आली आणि तिच्यासमोर मुकादमाची सही. सही नव्या माणसाच्या गळ्यातून निघून शिकवणाऱ्याच्या गळ्यात गेली. या एका बदलाला सगळ्यात जास्त विरोध झाला.

कायद्याचंही दोन शब्दांत सांगतो. १९८४ च्या डिसेंबरमध्ये भोपाळला विषारी वायूच्या टाकीत पाणी शिरलं आणि पुढं जे झालं ते आपल्याला माहीत आहे. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाना कायदा दुरुस्त झाला आणि आपल्या सुरक्षिततेविषयी माहिती मिळणं हा कामगाराचा हक्क ठरला. त्या जुन्या कायद्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामकाजाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेनं घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि हा हक्क तिच्यातही आहे. पण हक्काची माहिती न कळणाऱ्या शब्दांत दिली, तर ती दिली असं म्हणायचं का? हा प्रश्न मी वकिलांना विचारत नाही. फिल्म लिहिणाऱ्यांना विचारतो, म्हणजे आधी स्वतःला विचारतो.

आमच्या पाचव्या फिल्मच्या शेवटी पाळीचा मुकादम कॅमेऱ्याकडे बघून सांगतो, "समजलं नसेल तर काम सुरू करू नकोस. मला हाक मार. मी रागावणार नाही." हे वाक्य मालकांच्या तोंडी शोभलं नसतं, कारण नव्या माणसाला मालक दिसत नाहीत, मुकादम दिसतो. ते म्हणायला मुकादमाला सात वेळा लागले. सहा वेळा तो "मी रागावणार नाही" हेच विसरत होता.

आपल्याकडे अशी एखादी फिल्म असेल, तर उद्या ती एकदा काढून बघा. एकट्यानं बघू नका. परवा कामावर लागलेल्या माणसाला शेजारी बसवा. ती संपल्यावर त्याला काही विचारू नका. फक्त म्हणा, "चल, दाखव बघू कसं करतोस." आणि तो करत असताना त्याच्या हाताकडे बघा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)